घरात ‘ब्रिटिश स्टील’ होईल का? देवगडच्या पोरांना उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. चौघांचा हेवी मेटल, म्हणजे जड गिटारच्या रॉकचा, बँड आहे. दोघं मुंबईत नोकरीला, दोघं गावी. देवगडजवळ आजोबांचं कौलारू घर, गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच. जुडास प्रीस्ट या इंग्लंडच्या मेटल बँडने ‘ब्रिटिश स्टील’ हा १९८०चा अल्बम एका घरात, दुधाच्या बाटल्या फोडून आणि काटेचमचे वाजवून केला असं त्यांनी वाचलं. तर काका, आम्ही आमच्या घरात का करू नये? आणि दुसरं, त्याआधीचे त्यांचे अल्बम वाजवायला कितीतरी अवघड आहेत, मग बँड मोठा झाला तो या सोप्या अल्बमवर, असं का? सोबत तीन डेमो, म्हणजे नमुन्यादाखल रेकॉर्ड केलेली गाणी, पाठवलेत. ते ऐकले. त्यांच्याबद्दल शेवटी बोलतो.

मी कुडाळला छोटा स्टुडिओ चालवतो. तीस वर्षं झाली. काम बहुतेक भजनाचं, दशावताराचं आणि श्रावण लागला की गणपतीच्या गाण्यांचं. मेटलवाले आजवर मोजून पाच आले, त्यातले दोन पैसे न देता गेले. पण हा अल्बम मला पाठ आहे. मावसभावाने १९८९च्या सुमाराला मुंबईहून कॅसेट भरून आणली होती. ज्या डेकवर भरली तो जरा जास्त वेगाने चालणारा होता, त्यामुळे सगळा अल्बम जवळजवळ अर्धा स्वर खाली. मी गिटार तशीच उतरवून गाणी बसवली आणि सात-आठ वर्षांनी सीडी हाती लागल्यावर कळलं की आपण सगळंच चुकीच्या पट्टीत वाजवत होतो.

तर पहिला मुद्दा, घराचा. ते ‘घर’ म्हणजे टिटनहर्स्ट पार्क. लंडनच्या पश्चिमेला ॲस्कॉटजवळची मोठी इस्टेट. १९६९मध्ये जॉन लेननने ती घेतली, आत स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि १९७१चा ‘इमॅजिन’ बराचसा तिथेच केला. १९७३मध्ये ती रिंगो स्टारकडे गेली आणि त्याने स्टुडिओ ‘स्टार्टलिंग’ या नावाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. जुडास प्रीस्ट तिथे पोचले १९८०च्या जानेवारीत. म्हणजे मिक्सिंगचं टेबल, टेप मशीन, चांगले माईक, सगळं तयार होतं. त्यांनी केलं एवढंच की स्टुडिओच्या खोलीत बसून न राहता मुख्य घराच्या मोठ्या खोल्या वापरल्या. यंत्रं स्टुडिओची आणि खोल्या घराच्या. ‘घरात केला’ हे खरं आहे, पण त्याचा अर्थ लॅपटॉप आणि एक माईक घेऊन केला असा काढू नका. आणि मिक्सिंगच्या टेबलाशी अल्बमचा निर्माता टॉम ॲलम बसला होता. हा माणूस त्याच्या दहा वर्षं आधी ब्लॅक सॅबाथ या बँडच्या पहिल्या अल्बमांवर इंजिनिअर होता आणि १९७९चा प्रीस्टचा लाइव्ह अल्बमही त्यानेच केला होता. जड गिटारचा आवाज टेपवर कसा बसतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता बाटल्या. तेव्हा बटण दाबलं की काच फुटल्याचा आवाज येईल असं यंत्र स्टुडिओत सहसा नसायचं. आवाज हवा तर वस्तू आणायची आणि माईकसमोर वाजवायची. ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये काच फुटते ती घरात आलेल्या दुधाच्या बाटल्यांची. त्याच गाण्यातला पोलिसांचा भोंगा भोंगा नाहीच, तो बँडचा गिटारवाला के. के. डाउनिंग याच्या गिटारचा आहे, ट्रेमोलोची दांडी (तारांचा ताण बदलून सूर वरखाली करणारी) दाबून-सोडून काढलेला. ‘मेटल गॉड्स’च्या शेवटी लोखंडी पायांची फौज चालत येते ना, ते स्वयंपाकघरातल्या काटेचमच्यांचे ट्रे आहेत, उचलून आपटलेले.

हे वाचायला मजेचं वाटतं, पण करून बघा. मी केलंय. एका दशावतारी मंडळाच्या कॅसेटसाठी राक्षसाच्या सैन्याची चाल हवी होती आणि मला ‘मेटल गॉड्स’ आठवला. घरातली पितळी परात घेतली, तीत पळ्या, झारे, उलथनी आणि एक आडकित्ता टाकला. पहिल्यांदा लाद्यांवर आपटली. नुसता खणखणाट, जणू लग्नघरातली भांडी घासायला काढलीत. पायाचा आवाज येईना, कारण पायाला वजन असतं आणि परातीला ते नव्हतं. मग खाली घोंगडी घातली, परात एका बाजूने टेकवून दुसरी बाजू वीतभर उचलून सोडली. आता आधी ‘धप’ आणि त्याच्या शेपटीला ‘छन्न’ यायला लागलं. माईक परातीवर नको, दोन हात लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच. मग तीच चाल चार वेळा वेगवेगळी वाजवून एकावर एक चढवली. चारही वेळा हात किंचित पुढेमागे होतो आणि त्या पुढेमागे होण्यानेच एका माणसाचे पन्नास होतात. संगणकावर एकच आवाज चार वेळा चिकटवलात तर फौज होत नाही, एकच माणूस मोठ्याने चालतो. या सगळ्याला एक अख्खी दुपार गेली, आणि परातीला पोचा आला म्हणून आईने दोन दिवस मला वाढताना ती परात समोर ठेवली.

काच फोडणार असाल तर गोणपाटाच्या पोत्यावर, डोळ्यांना चष्मा लावून. माईक निदान चार फूट लांब, नाहीतर पहिल्याच ठोक्याला आवाज फाटेल. गोटीसोड्याची बाटली वापरू नका. काच जाड असते, फुटत नाही, फुटली तर ‘थाड’ होतं, खळ्ळ होत नाही. शिवाय जुन्या बाटल्या घरात असतील तर सांभाळून ठेवा.

पण हे सगळं मीठमसाला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाटलीत नाही.

‘ब्रेकिंग द लॉ’ हे गाणं दोन मिनिटं पस्तीस सेकंदांचं आहे. घड्याळ लावून ऐका. त्यात गिटारचा सोलो नाही. ग्लेन टिप्टन आणि डाउनिंग, दोन-दोन नावाजलेले गिटारवाले बँडमध्ये, आणि बँडच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्यात दोघांपैकी कुणालाही सोलो नाही. हे त्यांच्याच १९७६च्या ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’शी किंवा १९७८च्या ‘स्टेन्ड क्लास’शी ताडून बघा. तिथे लांब गाणी, मध्येच बदलणारी लय, एकात एक गुंफलेले भाग. वाजवणारा म्हणून मला आजही ‘स्टेन्ड क्लास’ जास्त आवडतो. पण मी वाजवणारा आहे, आणि अल्बम विकत घेणारे सगळे वाजवणारे नसतात.

आपल्याकडची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, घ्या. बुवा रूपाचा अभंग घेतात तेव्हा जाणकार माना डोलावतात, मृदंगवाल्याकडे बघतात, बाकीचे विडी ओढायला बाहेर जातात. गजर सुरू झाला की बाहेरचे आत येतात. गजर सोपा असतो म्हणून कमी दर्जाचा नसतो. तो चारशे माणसांना एकदम उचलता यावा असा घडवावा लागतो, आणि त्यासाठी बुवाला आपली अर्धी हुशारी खिशात ठेवावी लागते. प्रीस्टने तेच केलं. त्यांच्याजवळ तयार गाणी फार नव्हती, बरीच तिथेच घरात रचली, आणि काम महिन्याभरात उरकलं. नऊ गाणी, एकूण छत्तीस मिनिटं. नवा ड्रमर डेव्ह हॉलंड आलेला. त्याच्या आधीचा लेस बिंक्स हाताने जास्त चपळ होता, हॉलंड सरळ ठेका धरायचा. ‘लिव्हिंग आफ्टर मिडनाइट’ ऐका. पखवाजवाला आपल्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतो तेवढाच ठेका आहे तो, पण तसूभर हलत नाही. हलत नाही म्हणूनच त्याच्यावर गिटारचे तुकडे कापल्यासारखे बसतात.

त्या गाण्याची गोष्टही घराचीच आहे. टिप्टन पहाटे चार वाजता मोठ्याने गिटार बडवत होता, गायक रॉब हॅल्फर्डची झोप मोडली. तो येऊन म्हणाला, तू खरोखरच मध्यरात्रीनंतर जगतोयस. टिप्टनला गाण्याचं नाव मिळालं. घरात राहून काम केल्याचा खरा फायदा हा असतो. स्टुडिओचं भाडं तासावर चालू असेल तर पहाटे चारला कुणी गिटार उचलत नाही.

आता लोकांनी ते कसं घेतलं. अल्बम बाजारात आला १४ एप्रिल १९८०ला. ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत चौतिसाव्या. ‘लिव्हिंग आफ्टर मिडनाइट’ आणि ‘ब्रेकिंग द लॉ’ दोन्ही ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत पोचली. मेटलच्या गाण्याला तेव्हा हे मोठंच होतं. कंपनीने अल्बम ३.९९ पौंडाला, म्हणजे उतरलेल्या भावात काढला आणि जाहिरातीत नावावर कोटी केली, ‘steel’ म्हणजे पोलाद, त्याचं स्पेलिंग बदलून ‘steal’ म्हणजे चोरी, ‘British Steal’. हा भाग पोरं विसरतात. चांगल्या गाण्याला स्वस्त भाव मिळाला की ते दुसऱ्या गावात पोचतं, हे आमच्या गणपतीच्या कॅसेटवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि वेळ बघा. त्याच दिवशी आयर्न मेडन या नव्या बँडचा पहिला अल्बम आला, आणि मार्चमध्ये हेच मेडन ब्रिटनच्या दौऱ्यावर प्रीस्टच्या आधी वाजवत होते. एप्रिलमध्येच ब्लॅक सॅबाथचा ‘हेवन अँड हेल’, जुलैत एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’. ऑगस्टमध्ये डोनिंग्टनच्या मैदानावर पहिला ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सव, तिथेही प्रीस्ट होते. नव्या पोरांची लाट उठत होती आणि हे तिच्या तोंडावर उभे राहिले, वयाने थोडे मोठे आणि कातड्याचे कपडे, खिळे लावून तयार. जुने चाहते कुरकुरले. याच अल्बममधल्या ‘युनायटेड’ला तर फुटबॉलच्या मैदानावरची घोषणा म्हणून नावं ठेवली गेली. मला स्वतःलाही ‘युनायटेड’ पुढे ढकलायची सवय आहे. तरी ते सव्विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

एक गोष्ट मात्र आकड्यांत दिसत नाही. जुडास प्रीस्ट बर्मिंगहॅमच्या भागातले, भट्ट्या आणि ओतकामाच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले. टिप्टनने स्वतः ब्रिटिश स्टील या सरकारी कंपनीत काम केलेलं. १९८०च्या जानेवारीत, हे रेकॉर्डिंगला बसले तेव्हाच, त्या कंपनीच्या कामगारांचा देशभर संप सुरू झाला आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालला. अल्बमचं नाव आणि तो संप यांची गाठ ऐकणाऱ्याने आपोआप मारली असणार. ‘ब्रेकिंग द लॉ’मधला माणूस म्हणजे काम गेलेला, कुणी विचारत नसलेला माणूस. त्याचा व्हिडिओ म्हणजे गिटार घेऊन बँक लुटायला जाणं, नुसती गंमत. पण शब्द गमतीचे नाहीत.

मला इंग्रजी धड येत नव्हतं तेव्हा मावसभावाने ते शब्द मराठीत समजावले. आम्ही ओटीवर बसलो होतो. माझे थोरले काका समोर खळ्यात झाडू मारत होते. ते लालबागला गिरणीत होते, १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि काही महिन्यांत ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेले नाहीत. कोकणात त्या वर्षांत अशी घरं किती होती हे आपल्या आजीला विचारा. काका काही बोलले नाहीत, त्यांना ते गाणं म्हणजे आवाजच वाटला. पण मला तेव्हापासून ते गाणं इंग्लंडचं वाटलेलं नाही.

आता तुमचं घर. फोटो बघितले. चिऱ्याच्या भिंती, आतून गिलावा नाही, ही तुमची सगळ्यात मोठी कमाई. जांभा छिद्राळ असतो, वरचे कर्कश आवाज थोडे तोडतो, सगळेच्या सगळे परत फेकत नाही. ओटीवर उभं राहून टाळी वाजवा. टाळीनंतर टणटण ऐकू आलं तर ती सिमेंटची आणि ऑइलपेंटची भिंत आहे, तिच्यावर गोधड्या टांगा. ड्रम ओटीवरच. वर माळा नसेल, थेट कौलं असतील तर उत्तम, खालचे आवाज साठून बसत नाहीत. माजघरात नको. चौकोनी, बुटकी, जाड भिंतींची खोली. तिच्या कोपऱ्यात उभं राहून खर्जात हुंकार भरा, एका स्वरावर खोली तुमच्यापेक्षा मोठ्याने हुंकारेल. तिथे बासड्रम ठेवलात तर प्रत्येक ठोका त्याच एका स्वरात लागेल. माजघरात गिटारच्या स्पीकरचा कॅबिनेट ठेवा, पण भिंतीपासून दोन हात पुढे आणि खाली जाड गादी.

गायकाला भाताच्या खोलीत उभं करा. पोत्यांची थप्पी मागे आणि दोन्ही बाजूंना. माझा पाऊण लाखाचा गायनाचा बूथ त्या खोलीपेक्षा चांगला नाही, हे गिऱ्हाइकांना सांगू नका.

महिना जानेवारी धरा. पावसाळ्यानंतर रातकिडे असतात, मे महिन्यात घरात पाहुणे आणि दारात आंब्याच्या पेट्या. पावसात तर विषयच नाही, कौलांवरचा आवाज कुठल्याही फिल्टरने जात नाही, तारा आठवड्यात गंजतात आणि स्पीकरच्या कापडावर बुरशी धरते. घर पवनचक्क्यांच्या बाजूला असेल किंवा कड्यावर असेल तर समुद्राची आणि वाऱ्याची खालची घरघर येणारच. गायनाच्या माईकवर ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापून टाका. कोंबडा चार वाजता आरवतो, टिप्टनसारखं पहाटेचं काम करायचं असेल तर हे धरून चाला.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. याच्यावर हसू नका. आपल्या कातळात अर्थिंगची पट्टी पुरलेली असते पण पाऊस सरला की खाली ओल राहत नाही, मग ती पट्टी नुसतीच लोखंड. ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागतो. गुणगुण थांबावी म्हणून कुणीतरी शहाणा तीनपिनी प्लगची अर्थची पिन काढतो. एका देवळात आमच्या रेकॉर्डिंगला असंच झालं होतं. बुवांचे ओठ माईकच्या जाळीला लागले, हात पेटीच्या लोखंडी स्टँडवर होता, आणि बुवा मागे कोसळले. वाचले, पण त्या दिवसापासून माईकला रुमाल गुंडाळल्याशिवाय गात नाहीत. तुमच्याकडे तर गिटारवाला गातो, म्हणजे हात तारांवर आणि तोंड माईकवर. वायरमनला आणून अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून आठवडाभर आधी रोज दोन बादल्या पाणी ओता. संध्याकाळी वाडीतले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा चहा प्या.

डेमो. पहिलं गाणं साडेसात मिनिटांचं आहे. चांगली रिफ, म्हणजे गिटारची पकडून ठेवणारी ओळ, दुसऱ्या मिनिटाला येते, एकदाच येते आणि पुन्हा दिसत नाही. तीच पहिल्या सेकंदाला आणा. मधला सोलो चांगला वाजवलाय, तो काढा. दुसऱ्यात बर्फाळ रणांगण आणि तलवारी आहेत. देवगडात बर्फ बंदरावरच्या फॅक्टरीत बनतो आणि मासळीच्या क्रेटमध्ये जातो, त्याच्यावर लिहिलंत तर मी आधी ऐकेन. तिसरं गाणं, ज्याला तुम्ही ‘अर्धवट, असंच पाठवलंय’ म्हणता, तीन मिनिटांचं, शेवटी चौघे ओरडताय ते. ते बहुतेक झालंय. त्याचा ठेका फक्त एकदा सरळ धरा, ड्रमवाल्याला प्रत्येक चौथ्या मात्रेला काहीतरी करायची खाज आहे ती थांबवा.

माईक माझ्याकडून न्या. ड्रमचे सहा आणि गायनाचा एक, भाडं ठरलेलं आहे, उधारी नाही. आणि परात न्यायची तर आजीला आधी विचारा.